डोंबिवलीहून भंडारदरा: गाडी नाही, सोबत आई (७१), आणि तिला गाडी लागते

डोंबिवली_पूर्व

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन दोन रात्रींसाठी भंडारदऱ्याला जायचंय. आमच्याकडे गाडी नाही, मला चालवता येत नाही, आणि नवरा येणार नाही (त्याला सुट्टी नाही, असं तो म्हणतो).

खरी अडचण वेगळीच आहे. आईला गाडी लागते, आणि साधीसुधी नाही. गेल्या वर्षी भावाच्या गाडीतून नाशिकला निघालो होतो. कसारा घाट चढेपर्यंत तीनदा थांबलो. आवळासुपारी झाली, लिंबू हुंगून झालं, गोळी घेऊन झाली. वर पोचल्यावर ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा पुढे, मी इथून लोकलने घरी जाते." इथून लोकल नाही, हे पटवायला दहा मिनिटं गेली.

भंडारदराच का, तर बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि लग्नानंतरची पहिली दोन वर्षं, ७६ ते ७८, आई तिथल्या क्वार्टरमध्ये राहिली. तिचं भंडारदरा म्हणजे पत्र्यावर चार महिने वाजणारा पाऊस, चुलीवर दोरी बांधून वाळवलेले कपडे आणि एकदा मोरीत निघालेलं फुरसं. धबधबे वगैरे ती कधी सांगत नाही. बाबा गेल्यापासून "एकदा जाऊन येऊ" हे दर पावसाळ्यात म्हणते, म्हणून यंदा ठरवलंच.

तर रेल्वे आणि एसटीने हे जमेल का? लोकलने कसारा इतकं कळलंय, त्यापुढचं काहीच नाही. "भंडारदरा" नावाचा एसटी स्टँड आहे का? तिथे पोचल्यावर गाडी नसेल तर दोन दिवस काय करायचं? गुडघे बरे आहेत, एक-दीड किलोमीटर आरामात चालते. ट्रेक, टेंट, काजवे यातलं काहीही सुचवू नका, प्लीज.

ठाणे_वेस्ट_०७

सरळ गाडी करा. आमण्याला समृद्धी धरायची, इगतपुरीला उतरायचं. कसारा घाटाची वळणंच नाहीत, जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, झुपकन वर. २०२५च्या जूनमध्ये हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून आम्ही जुन्या घाटाने गेलेलोच नाही.

अप_डाउन_निवृत्त

ताई, तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मला थोडा हक्क आहे. अकरा वर्षं कल्याण-घोटी अप-डाउन केलंय, बँकेच्या नोकरीसाठी. पासवाल्यांच्या डब्यात पत्ते, भजन आणि दुसऱ्याच्या डब्यातली भाजी, अशी अकरा वर्षं. आणि माझ्या मंडळींनाही गाडी लागते, त्यामुळे या दोन्ही विषयांत अनुभव आहे.

ठाणेकरांचं समृद्धीचं म्हणणं चूक नाही. गाडी करायचीच असेल तर जुन्या घाटापेक्षा तो रस्ता शंभरपट बरा. पण ज्यांना गाडी लागते त्यांना बहुतेकदा घाटाच्या आधीच लागायला सुरुवात झालेली असते. बंद काचा, एसी, डॅशबोर्डवरची ती सुगंधी बाटली आणि भिवंडी बायपासला ट्रकच्या मागे अर्धा तास पुढे-मागे, पुढे-मागे. घाट फक्त शेवटचा धक्का देतो. शिवाय दोन रात्री मुक्काम म्हणजे गाडी थांबवून ठेवायचे पैसे वेगळे.

आता माझा सल्ला. लोकलने कसाऱ्याला जाऊ नका.

हे वाचून ट्रेकवाली पोरं अंगावर येतील, येऊ देत. कसारा लोकल स्वस्त आहे, डोंबिवलीला थांबते, दीड तासाच्या आसपास पोचवते, सकाळी उलट्या दिशेला असल्यामुळे बसायला मिळतं. सगळं खरं. पण कसारा घाटाच्या पायथ्याला आहे. लोकल तिथे संपते आणि घाट पुढे सुरू होतो. म्हणजे जो तुकडा आईंना सोसत नाही नेमका तोच तुम्ही काळी-पिवळी जीपमध्ये, मागच्या आडव्या बाकावर, दहा माणसांत बसून चढणार. आणखी एक, लोकलला संडास नाही. सत्तरीच्या बाईंना दीड तास, वर जीप भरेपर्यंतचा वेळ, हा हिशेब कुणी धरत नाही.

त्यापेक्षा घाट रेल्वेनेच चढा. सीएसएमटीहून सकाळी सव्वासहाला तपोवन एक्स्प्रेस निघते, ती कल्याणला साधारण सातच्या सुमारास असते. डोंबिवलीला एक्स्प्रेस थांबत नाहीत, तेव्हा तेवढं कल्याण गाठायचं. सेकंड सीटिंगचं रिझर्व्हेशन आधी करून ठेवा (नेमकी वेळ तेव्हा बघून घ्या, वेळापत्रकं बदलतात). इगतपुरीला उतरायचं.

कसाऱ्याला गाडी थांबली की आईंना आधी सांगून ठेवा, मागून धक्का बसणार आहे. तिथे वर ढकलायला जादा इंजिनं जोडतात, बँकर म्हणतात त्यांना. चढ इतका आहे की दर ३७ फुटांना एक फूट वर. एकट्या इंजिनाच्या आवाक्यातलं काम नाही ते. हा लोहमार्ग १८६५ सालचा. बोगदे, मग एहेगावचा उंच पूल, पुन्हा बोगदे. पण रुळावरची वळणं लांबलचक असतात, मोटारीसारखा हेलकावा नाही. माझी बायको मोटारीत खर्डीला उलटी करते आणि याच घाटात रेल्वेत बसून डब्यातली पोळी-भाजी खाते. इगतपुरीला इंजिनं सोडवतात, तेवढ्यात वडे येतात. वडा आईंना देऊ नका, अजून एसटी बाकी आहे.

इगतपुरी ते घोटी नऊएक किलोमीटर, रिक्षा किंवा जीप. रिक्षा पूर्ण करा, कंजुषी नको. घोटीच्या स्टँडवरून पुढे एसटी. इथे एक गंमत आहे, नीट वाचा. तुमच्या गाडीवर "भंडारदरा" लिहिलेलं असेलच असं नाही. राजूर किंवा अकोले अशी पाटी असलेल्या गाड्याही शेंडीवरून जातात. अकोले, अकोला नव्हे! माझ्यासमोर एक कुटुंब "आम्हाला विदर्भात नाही जायचंय" म्हणत गाडी सोडून बसलं होतं, पुढची दीड तासाने आली.

आणि भंडारदरा नावाचा स्टँड शोधू नका. उतरायचं शेंडीला. धरणाजवळची वस्ती, हॉटेलं, दुकानं, सगळं शेंडीत. कंडक्टरला "शेंडी" सांगा.

घोटी ते शेंडी तासभर धरा. धामणगाव, वासाळी, बारी. रस्ता वळणांचा आहे, पण घाट म्हणावा असा नाही. आईंना पुढच्या दारामागची खिडकी द्या, चाकावरची नको. डावीकडची मिळाली तर उत्तम, कारण बारी जवळ आली की डाव्या हाताला कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. लांब बघायला काहीतरी असलं की पोटातलं विसरतं माणूस.

तिकीट दोघींनाही अर्धं. २०२३पासून एसटीत सगळ्याच बायकांना आहे, वयाचा पुरावा वगैरे काही नको.

सह्याद्री_भटका

काका, अंगावर येतोय :) शेकडो लोक दर शनिवारी कसारा-बारी जीपने जातात. स्टेशनबाहेर उतरलं की जीपवाले हाका मारतच असतात. तपोवन चुकली तर दिवस गेला, लोकल एक चुकली तर पुढची आहे. आणि घोटीला एसटीची वाट बघत बसण्यात काय मजा?

अप_डाउन_निवृत्त

बाळा, तुझं वय काय आणि त्यांच्या आईंचं काय? तुझ्यासाठी तुझी वाट बरोबर आहे. लोकल चुकली तर पुढची आहे हे मात्र आसनगावपर्यंत खरं. त्याच्या पुढे कसाऱ्याच्या मोजक्याच.

एक मान्य. परतीला कसारा लोकल चालेल. उतरताना कमी लागते असं आमच्याकडे तरी दिसलंय. पण मी असतो तर संध्याकाळची तपोवनच धरली असती, इगतपुरीला सातच्या आसपास. फक्त शेंडीहून दुपारी तीनच्या आत निघायचं. संध्याकाळी त्या रस्त्याला एसटीही विरळ आणि जीपही.

शेंडीचा_माणूस

रामराम ताई. मी इथलाच. जाहिरात करत नाही, त्यामुळे खोल्यांचं नाव-नंबर काही देत नाही. पण दोन-चार गोष्टी सांगतो.

शनिवार-रविवार येऊ नका. सोमवारी किंवा मंगळवारी या. शनिवारी इथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची लाईन लागते आणि मग रूमवाले (आम्हीच) तोंडाला येईल तो भाव सांगतात. एमटीडीसीचं पाण्याकाठी आहे, ते आधी बुक करावं लागतं. शेंडीत घरगुती खोल्या पुष्कळ.

ऑक्टोबर चांगला निवडलात. धरण भरलेलं असतं, अकरा टीएमसीचं आहे, आणि गवत अजून हिरवं. सोनकीची पिवळी फुलं असली तर नशीब. अंब्रेला फॉल दिसेलच असं धरू नका. लोकांना तो निसर्गाचा धबधबा वाटतो. ते धरणाच्या मोरीतून सोडलेलं पाणी आहे, खालच्या गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं. पाणी सोडलं तर फॉल, नाहीतर नुसता खडक. पाणी कधी सोडायचं ते खालच्या बागायतीच्या आवर्तनावर. आमच्या डोंगरात पाऊस पडतो, आमच्या डोळ्यांसमोर साठतो आणि जातो खाली उसाला. असो, तो वेगळा विषय.

गाडी नाही म्हणून घाबरू नका. शेंडीतून धरणाखालच्या बागेपर्यंत आई चालत जातील. तिथून भिंत अख्खी दिसते. १९१० ला काम सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं, काळ्या दगडात. दुसऱ्या दिवशी इथल्याच कुणाची जीप दिवसभरासाठी सांगा. पाण्याला पूर्ण वळसा घालायचा, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, परत शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा फेरा. पण तुमच्या आईंचं ऐकून सांगतो, पूर्ण फेरा मारू नका. रस्ता जागोजाग खराब आणि सगळी वळणंच वळणं. नुसतं रतनवाडीला जा. होडी चालू असेल तर पाण्यातून जा, म्हणजे प्रश्नच मिटला. अमृतेश्वराचं देऊळ बघा, बाजूची पुष्करणी बघा. तिथल्या रतनगडाच्या डोंगरातूनच प्रवरा निघते. आमच्यासाठी धरणापेक्षा ते मोठं.

रोख पैसे आणा. रतनवाडीला रेंज जाते आणि मग ते स्कॅन करून फिरत बसतं गोल गोल. क्वार्टरचं म्हणाल तर पाटबंधारेच्या जुन्या चाळी आहेत काही. कुठली ते आई आल्यावर दाखवतील.

जेवायला नागलीची भाकरी मागा, मेनूत नसते, मागितली की करतात. काळभात मिळाला तर घेऊन जा.

आणि तुमच्या डोंबिवलीजवळच ठाणं ना? त्या ठाण्याच्या तुरुंगात १८४८ ला आमच्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना फाशी दिली. इंग्रजांशी लढलेला माणूस. देवगाव शेंडीपासून जवळच आहे. मुंबईचे लोक येतात, "आर्थर लेक" (धरणाच्या जलाशयाचं इंग्रजी नाव) कुठेय विचारतात, राघोजींचं नाव कुणी विचारत नाही.

डोंबिवली_पूर्व

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. अप-डाउन काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. "डावीकडची खिडकी" तिने लक्षात ठेवलंय. तपोवनची दोन तिकिटं काढली, मंगळवारची. शेंडीचे दादा, होडी नक्की असते ना?

शेंडीचा_माणूस

वारा नसला तर असते ताई. सकाळी विचारा, दुपारी वारं सुटतं.

डोंबिवली_पूर्व

परवा रात्री आलो. कबूल केल्याप्रमाणे लिहिते.

जाताना सगळं काकांच्या सांगण्याबरहुकूम. कसाऱ्याला धक्का बसला तेव्हा आईने समोरच्या बाईंना ऐटीत सांगितलं, "बँकर जोडला." घाटात ती खिडकीला नाक लावून बसली होती, बोगदे मोजत. आकडा सांगत नाही, कारण तिचा आणि माझा जुळला नाही आणि त्यावरून अजून वाद चालू आहे. वडा तिने खाल्ला. मी नाही म्हणाले होते.

घोटीला पाऊण तास थांबलो. गाडीवर अकोलेच लिहिलं होतं. डावीकडची खिडकी मिळाली, पण कळसूबाई काही दिसली नाही, वर सगळे ढग. वासाळीच्या पुढे आई एकदम गप्प झाली आणि माझ्या हातातली पिशवी मागून घेतली. लागलीच नाही पण. नुसती पिशवी धरून बसली शेंडीपर्यंत. वडा निर्दोष सुटला.

शेंडी तिला अजिबात ओळखीचं वाटलं नाही. "इथे एक दुकान होतं, तेवढंच," असं चार-पाचदा म्हणाली. मला वाटलं, झालं, आता हिरमुसणार. पण दुसऱ्या दिवशी चाळीकडे गेलो. तिने दुरून हात केला, "ती शेवटून दुसरी." तिथे आता एक तरुण जोडपं राहतं, लहान बाळ आहे. त्यांनी आत बोलावलं. मला वाटलं आई रडेल. तिने आत जाऊन मागची खिडकी ढकलून पाहिली आणि म्हणाली, "अजून कडी बसवली नाही का हो हिला? तेव्हाही सुतळीनेच बांधायचो." त्या मुलीने हसत दाखवलं, आताही सुतळीच. मग दोघी मोरीत फुरसं निघण्यावर अर्धा तास बोलल्या. पावसात बाळाचे कपडे कसे वाळवायचे ते आईने तिला चुलीशिवाय कसं जमेल याच्या सकट समजावलं. ती मुलगी हीटर वापरते.

होडी मिळाली, सकाळची. देवळात आई बराच वेळ बसली. पाणी सोडलेलं नव्हतं, त्यामुळे अंब्रेला फॉल म्हणजे ओला खडक. तिला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, आमच्या वेळीही असाच दिसायचा बहुतेक दिवस. शेवटच्या दिवशी सकाळी जीप करून रंधा धबधबा आणि पुढे राजूरला पेढे, मग शेंडीला परत.

घोळ झाला तो परतीला. दुपारी अडीचला ठरवलेल्या जीपवाल्याने इगतपुरी स्टेशनपर्यंत सोडतो म्हणून पैसे आधी घेतले आणि घोटीच्या फाट्यावर उतरवलं, "पुढे ट्राफिक आहे" म्हणून. ट्राफिक काही नव्हतं. त्याला दुसरं भाडं मिळालं होतं, फोनवर बोलत होता ते आम्ही ऐकलं. मी भांडायला लागले तर आईच म्हणाली, चल, रिक्षा दिसतेय. पैसे स्टेशनवर पोचल्यावरच द्या, एवढं पुढच्यांनी लक्षात ठेवा. वेळ हाताशी होता म्हणून निभावलं. काकांचा "तीनच्या आत" हा नियम तिथे कामी आला. तपोवन अर्धा तास उशिरा होती, पण मिळाली.

काका, तुमच्यासाठी पेढ्यांचा एक पुडा जास्तीचा आणलाय. कल्याणला कधी येता?

अप_डाउन_निवृत्त

पेढे नकोत, शुगर आहे. काळभात मिळाला का?

डोंबिवली_पूर्व

दोन किलो. काल लावला तर वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, काय शिजतंय.

सह्याद्री_भटका

पेढे मला चालतील.